धुळ्यातली बैरूतची भजी

माझी धाकटी नणंद खाण्याच्या बाबतीत इतकी चोखंदळ, की तिच्यासाठी स्थळ आलं म्हणजे आम्ही पत्रिकेच्या आधी त्या घरचं जेवण कसं आहे ते काढून घ्यायचो. चोपड्याकडचं एक चांगलं स्थळ तिनं परत पाठवलं. का, तर ती माणसं आमटीत गूळ घालायची. दुसरा एक मुलगा देखणा, घरी केळीचे मळे, पण त्या घरात भाकरी थापत नाहीत, पोळपाटावर लाटतात, असं हिच्या कानावर आलं. "लाटलेली भाकरी आयुष्यभर कोण खाणार?" म्हणाली, आणि विषय संपला. आमच्या सासूबाईंना घरात सगळे आईच म्हणायचे. त्या वैतागून म्हणायच्या, "हिला नवरा नको, आचारी बघा."

सासरे लवकर गेलेले. जळगावच्या आमच्या घरात शब्द चालायचा तो आईंचा. माझे यजमान दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे घरात आम्ही तिघीच. मी लग्न होऊन आले तेव्हा नणंद बारा वर्षांची होती. तिची वेणी मी घालायची, तिचं गणित ती मला शिकवायची. आमच्याकडे नणंद लहान असली तरी वहिनीनं तिला 'बाई' म्हणायची रीत. त्यामुळे मी त्या एवढ्याशा पोरीला बाई म्हणत मोठी केली, असंच म्हणायचं.

सत्तर साल नुकतंच उलटलं असेल, तेव्हा अमळनेरचं ते स्थळ आलं. मुलगा नोकरीला कुठे, तर बैरूतला. मोठमोठ्या हॉटेलांत गार हवेची यंत्रं बसवायचं काम. महिन्याची रजा काढून आला होता आणि लग्न करूनच जायचं म्हणत होता. बैरूत कुठे आहे ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईंना वाटलं, मुंबईच्या पुढे कुठेतरी असेल.

मुलगा बघायला आला. मान खाली घालून बोलणारा, हसला की आधी डोळ्यांत हसणारा. एरवी आमची बाई पोह्यांच्या बशा ठेवल्या की आत पळायची, ती त्या दिवशी दाराला टेकून उभी राहिली. मी काय ते समजले. धीर करून तिनं त्याला एकच प्रश्न विचारला, "तिथं जेवायला काय मिळतं?"

तो म्हणाला, "सगळं मिळतं."

पुरुषांना विचारावं, तर त्यांना सगळं सगळीकडे मिळतं. आईंनी ते दोन शब्द धरले आणि पाहुणे गेल्यावर सुरू झाल्या, "सगळं म्हणजे काय? आपल्याकडे अंड्याला शिवत नाहीत. पोर तिथं उपाशी मरेल, आणि कळवायला पत्र लागेल पंधरा दिवस." बाई पोह्यांच्या बशा गोळा करत राहिली. तिला मुलगा आवडला होता, पण आईंचं म्हणणं तिला खोटं म्हणता येत नव्हतं. ती स्वतःला ओळखून होती. पुढच्या रविवारी मुलाचे मामा उत्तर घ्यायला येणार होते.

त्याच आठवड्यात माझा भाऊ धुळ्याहून कामानिमित्त आला. जेवताना हा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "अक्का, बैरूतचं खाणं ना? ते धुळ्याला मिळतं की. पांझरेच्या पुलाजवळ एक चाचा गाडी लावतो. पाटीच लावलीय त्यानं, बैरूतची भजी."

आम्हाला आधी ती थट्टाच वाटली. पण खरं होतं. तो चाचा धुळ्याचाच. तरुणपणी जहाजावर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. फिरत फिरत बैरूतला उतरला आणि तिथं एका खाण्याच्या गाडीवर वर्षानुवर्षं राहिला. गुडघे दुखायला लागले तसा घरी परत आला आणि जे येत होतं ते विकायला लागला.

मी आईंना म्हटलं, दोन दिवस माहेरी जाऊन येते, बाईंनाही नेते. गाडीचंही सांगितलं. त्या बराच वेळ सुपातले दाणे पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघून या. निदान कळेल तरी." तो चाचा कोण, कुठला, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. त्यांना न विचारताच कळलं होतं, असं मला आता वाटतं.

एरंडोल, पारोळा करत यष्टीनं आम्ही दुपारी धुळ्याला पोचलो आणि ऊन कलल्यावर भावाबरोबर पुलाकडे निघालो. संक्रांत होऊन गेली होती, हवेत अजून गारवा होता. रस्त्यावर उभं राहून खाणं आम्हा बायकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. जत्रेत रेवड्या घेतल्या तरी त्या पदरात बांधून घरी आणायच्या. चाचाला ते न सांगता कळलं. त्यानं गाडीच्या मागे नदीकडे तोंड करून दोन खोके उलटे टाकले आणि म्हणाला, "बसा बेटी. इथं फक्त बगळे बघतील."

साठीचा माणूस, पांढरी दाढी, अंगात स्वेटर, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. गाडी इतकी स्वच्छ की भाऊ म्हणाला ते खरं वाटलं, हा गाडीवर मटणाचं नाव काढू देत नाही. भरभरणाऱ्या स्टोवर कढई. त्याच्या हातात एक पितळेची वस्तू होती, दांडी लावलेली छोटी वाटी. ती तो वाटलेल्या हरभऱ्यात दाबायचा, वरून सुरीनं सपाट करायचा, आणि खटका ओढला की चपटं गोल भजं टपकन तेलात. एकासारखं एक. मी आयुष्यभर भजी हातानं सोडलेली, मी ते बघतच राहिले.

"डाळ कुठली, चाचा?" मी विचारलं.

"डाळ नाही, सबंध हरभरे. रात्रभर भिजवायचे आणि कच्चेच वाटायचे."

"कच्चे? पोटाला बाधत नाहीत?"

"अख्ख्या मुलखाला बाधत नाहीत, बेटी."

भट्टीची मऊ नानरोटी घेऊन त्यानं तिचं पोट फाडलं, आत भजी कुस्करली, टोमॅटो, काकडी, मुळा घातला, वरून चटणी ओतली आणि रद्दीच्या कागदात गुंडाळून हातात दिली. शेजारी पानावर वांग्याचं भरीत वाढलं. जळगावच्या माणसाला भरिताबद्दल बाहेरच्यानं काही शिकवायला जाऊ नये, पण मी बोटानं चाखलं आणि परत बोट बुडवलं. कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचा तोच धुराचा वास, तोच झणका.

बाईनं आधी कागद हुंगला. मग कोपरा चावला. मग जे खायला लागली ती थांबेचना. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा असा उजळलेला. "वहिनी," म्हणाली, "हे तर आपलंच आहे सगळं. उगाच घाबरत होतो." तिनं दुसरी मागितली, मग तिसरी अर्धी. भाऊ म्हणाला, "बाई, बैरूतला पोचेपर्यंत पुरेल एवढं खाल्लंत."

ती हसली. घरी येताना पुलावर माझा हात धरून म्हणाली, "माझं ठरलं वहिनी. मी हो म्हणणार."

त्या संध्याकाळी आम्ही सगळेच आनंदात होतो. मी मात्र रात्री झोपलेल्या बाईच्या अंगावरचं पांघरूण दोनदा सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, म्हणजे माझी आई, अंगणात चूल सारवत होती आणि मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. मिरची, लसूण, मीठ, दाणे. नेहमीप्रमाणे बोट लावून चाखलं आणि हात तिथंच थांबला. ही कालचीच चटणी होती. अगदी हीच. आणि त्या भज्यांत जो मागून येणारा काळसर वास होता, तो आपल्या खानदेशी मसाल्याचा होता. रोज ज्यात हात असतो ते मला काल संध्याकाळी ओळखू आलं नाही. बैरूत म्हणून खाल्लं ना, म्हणून.

मी चप्पल घातली आणि सरळ पुलाकडे गेले. चाचा गाडीशेजारी पोत्यावर बसून मुळे सोलत होता.

"चाचा, खरं सांगा. बैरूतला शेंगदाण्याची चटणी घालतात?"

तो मुळा खाली ठेवून हसला. "नाही बेटी."

"आणि लवंगी मिरची?"

"तीही नाही. पहिले सहा महिने मी बरोब्बर तिथलंच केलं. लोक खायचे आणि विचारायचे, चाचा, हे कुणाच्या पथ्याचं आहे? एक जण म्हणाला, मला टायफॉइड झाला तेव्हा असंच काहीतरी द्यायचे. मग घरवालीनं मिरच्या वाटून दिल्या, तिळाच्या जागी दाणे दिले, मसाला दिला. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत कढई पालथी."

"पण पाटीवर तर बैरूत लिहिलंय."

"पाटी आधीच रंगवून झाली होती," तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. मुलगा, मामा, रविवार. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "अरे, मला काय माहीत, पोरगी माझ्या भज्यांवर आयुष्य ठरवायला आलीय. काल सांगितलं असतं."

"खरं कसं लागतं तिथलं?"

त्यानं जरा विचार केला. "लिंबाचं लागतं. तिळाचं. जाळ नसतो. पहिल्या वर्षी मी खिशात हिरवी मिरची ठेवून फिरायचो. मग केव्हातरी ठेवायची विसरलो."

परत येताना वाटभर एकच घोळत होतं. आता हे बाईला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती नाही म्हणेल, नक्की म्हणेल. आणि ती नाही म्हणाली तर राहील कुठे? इथंच, कुठेतरी पाचोरा-भडगावला, दिवाळीला येईल, पंचमीला येईल, माझ्या हातचं नाकं मुरडत खाईल. मला तेच हवं होतं. आतून हवं होतं. म्हणजे मी खरं बोलणार होते ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? आणि तिचं सुख म्हणून तोंड मिटून बसले, तर पोर परक्या मुलखात पहिला घास घेईल आणि म्हणेल, वहिनीला माहीत होतं. अंगणाच्या फाटकाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी आईनंच विचारलं, "काय शे व? अशी काय उभी?"

बाई मागच्या पडवीत ओले केस वाळवत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं, टायफॉइडसकट. ती हसली नाही. केस पुढे घेऊन पिळत राहिली, ते वाळले तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला मी जायला नको आहे."

"हो," मी म्हटलं. "नको आहे. पण चटणीत दाणे होते हेही खरं आहे."

तिनं केसांचा पीळ सोडला. मग उठली, अंबाडा बांधला. "चाचाला म्हणावं, खरं करून दे."

खऱ्याला तीळ हवे होते. संक्रांतीचे उरलेले तीळ आईच्या डब्यात होते. "इतला तीळ कसाले?" तिनं विचारलं, पण मी सांगेपर्यंत "बठ्ठा लई जा" म्हणून डबाच हातात दिला. भाऊ कामावर होता. आम्ही दोघीच गेलो, भरदुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी.

चाचानं तीळ न करपवता भाजले, पाणी आणि लिंबू घालत इतके बारीक वाटले की पांढरं सायीसारखं झालं. लसणाची एक पाकळी, मीठ. बस. हरभऱ्यात कोथिंबीर, कांदा, जिरं, धणे. वांगं स्टोच्या आचेवर भाजलं, त्यात तेच तिळाचं. वांगं तिथंही भाजतात, एवढं मात्र कालचं खोटं नव्हतं. करताना तो एकदम वेगळाच माणूस झाला. काल पटापट चालणारे हात आज जपून चालत होते. दोन रोट्या तिच्यासाठी, एक माझ्यासाठी, आणि विचारलं नाही कुणाला, एक स्वतःसाठीही केली.

बाईनं घास घेतला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती परीक्षेला बसल्यासारखी चावत होती, नदीकडे बघत. मीही खाल्लं. वाईट नव्हतं, हो. आंबट, मऊ, तिळाची जराशी कडसर चव. पण घास गिळला तरी जीभ वाट बघत राहायची, की आता तिखट लागेल, आता लागेल. लागतच नव्हतं.

तिनं पहिली संपवली. दुसरी हातात घेतली. "चाचा, किती वर्षं होतात तिथं?"

"अकरा."

"रोज हेच?"

"बहुतेक रोज."

"आता आवडतं?"

चाचा आपली रोटी चावत होता. "आता घरचं जेवलं की जीभ पोळते," म्हणाला. "घरवाली म्हणते, परदेशी जावई आलाय माझा."

आता ती हसली. दुसरी रोटीही तिनं संपवली, कागद नीट घडी घालून ठेवला आणि माझ्याकडे वळली. "मला नाही आवडलं."

माझं मन असं हलकं झालं की मला माझीच लाज वाटली.

"पण वहिनी," ती म्हणाली, "तुम्हाला तरी आमच्याकडचं कुठे आवडायचं? तुमच्या वडिलांच्या पोटामुळे तुमच्याकडे मिरची बेतानं. आमच्याकडे आलात आणि शेवभाजी खाताना रडायचात. आईंना सांगायचात, मघाशी कांदा चिरला."

"तुम्हाला काय माहीत?"

"बारा वर्षांची होते, आंधळी नव्हते. आणि कोठीत जाऊन गूळ खायचात तेही माहीत आहे. आता बघा, रश्श्यात मिरची तुम्हीच जास्त घालता. आई ओरडतात." जरा थांबून म्हणाली, "मला वर्ष लागेल. लागू दे. कालच्या चवीवर हो म्हटलं असतं तर तिथं गेल्यावर फसवल्यासारखं वाटलं असतं. आता माहीत तरी आहे."

चाचा पैसे घेईना. म्हणाला, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या पाटीवरचं मागितलं.

जळगावला आलो तर आई ओट्यावरच बसलेल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "कसं असतं गं?"

"आळणी," बाई म्हणाली. "आंबट. पण बटाटे, वांगी, हरभरे, दही, सगळं असतं. अंड्याला न शिवता पोट भरतं."

"आवडलं?"

"नाही."

"मग?"

"मग काय. मी जाते."

आई उठून आत गेल्या. दोन दिवस त्यांनी कोठी आवरायला काढली. मला एकदाच, भाकरी थापताना, खालच्या आवाजात विचारलं, "पोर राहील का गं?" मी म्हटलं, "राहील. सुरुवातीला रडेल, म्हणेल कांदा चिरला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, कोठीतला गूळ त्यांनाही माहीत होता.

रविवारी मामा आले. कमी बोलणारा, सरळ माणूस. टोपी मांडीवर ठेवून बसले. माझे यजमान आईंकडे बघताहेत, मामा आईंकडे बघताहेत, आतल्या दारात आम्ही दोघी कान देऊन. आईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "विमानात पाटा-वरवंटा नेऊ देतात का?"

मामा क्षणभर गोंधळले. मग त्यांना उमगलं. पण ते हसले नाहीत, त्यांनी तो प्रश्न प्रश्न म्हणूनच घेतला. "वजन किती आहे?" म्हणाले, आणि उठून सरळ स्वयंपाकघरात आले. धोतराचा सोगा खोचून आधी वरवंटा उचलून बघितला, मग पाटा एका बाजूनं उचलला. कपाळावर घाम आला त्यांच्या. "वरवंटा जाईल," म्हणाले. "पाट्याचं विचारून सांगतो."

बाहेर माझे यजमान पेढे आणायला निघाले. मी चहा टाकला. लक्ष सगळं बाहेर, साखर दोनदा पडली, आणि ते कपांत ओतल्यावर लक्षात आलं. पाहुण्यांना तो चहा गेलाच. बाईचा कप मी परत घेणार होते, दुसरा करून देते म्हणून. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा प्यायली.